टेबलाखालचा ब्रेक

२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी करते, नाहीतर म्हणाल, काम पडल्याशिवाय भाचीला मामा आठवत नाही. काम पडलंच आहे, पण नमस्कार खरा आहे.

तुम्ही निवडून दिलेली आपली निळी गाडी आवाज करायला लागली आहे. बॉनेटखालून येतो. सारखा नाही. मध्येच एकदा खडकन होतं आणि मग अगदी शहाण्यासारखी चालते. इथल्या मेकॅनिकने येऊन पाहिलं. गाडी उभी करून, बॉनेट उघडून बराच वेळ चालू ठेवली, टॉर्च मारला, म्हणाला, "इंजिन घड्याळासारखं आहे, ताई. बॉनेटची कडी वाकली आहे, ती वाजत असेल." मागे गेटच्या खांबाला गाडी जरा घासली होती, तेव्हा वाकली असणार. दादाने बॉनेट जाड तारेने पक्कं बांधून टाकलं. तरी आवाज आहेच. दादा म्हणतो, जुन्या गाडीला एवढं चालायचंच.

मी छोटीला घेऊन अजून इथेच आहे. ह्यांची धरणाच्या कामावर बदली झाली, तिथलं क्वार्टर आता तयार झालंय. दादा आम्हा दोघींना याच गाडीने घाट चढून वर सोडणार आहे. म्हणून म्हटलं, निघण्याआधी तुमच्या कानावर घालावं. तुम्ही पत्रावरून आजार ओळखता असं आई सांगायची. ओळखून दाखवा.

बाकी सगळं ठीक.

तुमची
भाची

*

७ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझ्या आईने माझी जरा जास्तच जाहिरात केली होती. पण एक खरं. मी गॅरेजमध्ये लागलो तेव्हा आमचा उस्ताद मला पाना धरू देत नसे. झाडू मारायचा, चहा आणायचा आणि लांब उभं राहायचं. मग करणार काय? कान लावून उभा राहायचो. पुढे पाना हातात आला, स्वतःचं गॅरेज झालं, पण खरा धंदा कानांनीच केला.

आणि या कानांना एक खोड आहे. गिऱ्हाईक जे सांगतं त्याच्यापेक्षा जे गाळतं ते त्यांना आधी ऐकू येतं. एक वकीलसाहेब महिनाभर "डॅशबोर्डमध्ये खुळखुळतंय" म्हणून यायचे. फक्त बायको शेजारी बसली की खुळखुळ बंद. मी बाईंना विचारलं, बसताना पाय कुठे टेकवता? टेकवत होत्या तिथल्याच पत्र्याचा स्क्रू ढिला होता. साहेबांनी सगळं सांगितलं होतं, बायकोचे पाय सोडून.

आता तुझं पत्र. दोन पानं गाडीबद्दल, आणि त्यात दाजींचं नाव एकदाही नाही. अगं, ज्या माणसाने त्या गाडीच्या सीटना स्वतःच्या हाताने कव्हरं शिवली, जो रविवारी ती पुसल्याशिवाय चहा घेत नाही, तो या सगळ्यात आहे कुठे? आणि "खांबाला जरा घासली" म्हणजे काय? गाडी आपणहून जाऊन घासून आली? चालवत कोण होतं? दुसऱ्याने घासली असती तर तू नावानिशी लिहिलं असतंस, वर दोन शिव्या घातल्या असत्यास. मी तुला ओळखतो.

मेकॅनिकचा कडीचा अंदाज वाईट नाही, मीही आधी तेच म्हटलं असतं. पण कडी खडकन एकदा वाजून गप्प बसत नाही, ती रस्ताभर कुरकुरते. म्हणून पुढचं नीट बघ आणि लिही.

आवाज नेमका केव्हा येतो? गाडी उभी असताना, सुटताना, की पळताना? सपाटीवर की चढावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज एकच आहे की दोन? दोन असतील तर आधी कोणता आणि मागून कोणता? डोळे मिटून मागच्या सीटवर बस आणि ऐक. दादाला विचारू नकोस, चालवणाऱ्याला स्वतःची गाडी ऐकू येत नाही.

छोटीला पापा. दाजींना माझा नमस्कार सांग आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव.

मामा

*

१२ फेब्रुवारी

मामा,

तुमच्यापासून काही लपत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. लपवलं, कारण बाबांनी सांगितलं होतं, "मेहुण्याला कळवायचं नाही."

गाडी बाबा चालवत होते. गल्लीतून आपल्या गेटमध्ये शिरताना चढ आहे, तुम्हाला आठवत असेल. रोजच्यासारखं त्यांनी गेटसमोर थांबून गाडी पहिल्यात टाकली आणि सोडली, आणि ती एकदम उसळून पुढे गेली. इंजिन केवढ्याने ओरडलं, शेजारचे बाहेर आले. खांबाची वरची दगडी टोपी तुटून खाली पडली. त्या खांबाला धरून छोटी उभी होती, मामा. आजोबा आले म्हणून गेट उघडायला गेली होती. मी तिला चप्पल घालायला हाक मारली आणि ती माझ्याकडे वळून दोन पावलं आली, तेवढ्यात हे झालं. टोपी पडली तिथे तिची बाहुली होती.

दादा घरातून धावत आला. बाबा स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. दादा ओरडला, "ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिलात! उद्या कोणाचा तरी जीव घ्याल!" बाबा एवढंच म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता." दादा म्हणाला, "मग गाडी काय भुताने चालवली?" तेव्हापासून आजपर्यंत बाबा त्या विषयावर बोललेले नाहीत. किल्ली दादाकडे आहे. बाबांनी मागितलेलीही नाही.

मी दादाला दोष देत नाही. खरं सांगू? मीही छोटीला त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा पाठवत नाही. ती "आजोबांबरोबर जाते" म्हणते आणि मी काहीतरी कारण काढते. बाबांना ते कळतं. आता ते स्वतःच म्हणतात, "आईबरोबर जा गं."

मला त्यांच्या तब्येतीचीही काळजी वाटते. जेवताना टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलतो. दादा म्हणतो, शिंप्याचा पाय, जन्मभर शिलाई मशीन चालवल्याची सवय. पण दुकान चालू होतं तेव्हा घरी कधी असा हलला नाही. टाच जमिनीवर, चवडा उचलतात आणि दाबतात, आणि तसाच दाबून ठेवतात. घास हातात राहतो. मग सोडतात. पुन्हा दाबतात. डॉक्टरांना दाखवावं का?

आता आवाजाचं. तुम्ही सांगितलंत तशी डोळे मिटून मागे बसले. उभ्या गाडीत काहीच नाही. सपाट रस्त्यावर काहीच नाही. गल्लीच्या चढावर दादाने गाडी सोडली तेव्हा आला. आवाज दोन आहेत. आधी इंजिन एकदम धाप टाकल्यासारखं करतं, माणूस दचकून श्वास घेतो तसं, आणि गाडीला पुढे हिसका बसतो. मग दादा क्लच दाबतो, आणि त्याच क्षणी खडाक. दादाला हिसक्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "चढावर जरा जास्त रेस द्यावी लागते."

सामान बांधून झालंय. रविवारी सकाळी निघणार. पुढे दादा आणि मी, मागे छोटी आणि गाद्यांची वळकटी. बाबांचा नमस्कार सांगायचा राहिला. तुमचा नमस्कार सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं."

भाची

*

तार, १६ फेब्रुवारी

गाडी घाटात नेऊ नका. जागची हलवू नका. कारण पत्रात. मामा.

*

१६ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझं पत्र आत्ता आलं. उभ्यानेच वाचलं, आणि गिऱ्हाईकाची गाडी जॅकवर तशीच सोडून तार करायला गेलो. तार वेळेत पोचली असेल असं धरून लिहितो, दुसरं काही मनात आणत नाही. दादा चिडला असेल. चिडू दे.

आधी पाय. दादाला सांग, मशीनवरचा पाय झोपाळ्यासारखा पुढे-मागे झुलतो. टाच, चवडा, टाच, चवडा, थांबत नाही. तू जो पाय लिहिला आहेस तो एकदा दाबला जातो आणि दाबलेलाच राहतो. दाजी मशीन चालवत नाहीत. दाजी त्या टेबलाखाली ब्रेक दाबतायत. रोज, दोन वेळा, त्याच गेटसमोर उभे राहून. ज्याने खरोखर चुकून दुसरं पेडल दाबलं तो माणूस हे करत नाही, तो विसरायला बघतो. इथे मला दिसतोय तो हिशेब न जुळलेला माणूस. ब्रेक दाबला होता हे त्यांच्या पायाला आठवतंय, आणि गाडी पुढे गेली हे डोळ्यांनी बघितलंय. दोन्हींतलं खोटं काय ते त्यांना कळत नाही.

मी त्या माणसाला कॉलर शिवताना पाहिलं आहे. मशीन भरधाव चालू असताना कॉलरच्या टोकाशी सुई नेमकी एका धाग्यावर थांबवायचे. तो पाय चुकला हे मी एकदम मानणार नाही. मग मी स्वतःला विचारलं, पाय खरा आणि डोळेही खरे, असं केव्हा होईल? आणि तुझ्या दोन आवाजांनी उत्तर दिलं.

नीट समजून घे, आणि दादाला वाचून दाखव.

इंजिन गाडीत थेट लोखंडावर बसवलेलं नसतं. दोन्ही बाजूंना जाड रबराच्या उशा असतात, त्याला माउंटिंग म्हणतात. जोर लागला की इंजिन एका अंगाला पिळवटतं आणि त्या उशा त्याला धरून ठेवतात. तुमच्या गाडीत डाव्या बाजूची उशी फाटली आहे असं मला वाटतं. गाडी उभी असताना इंजिनाला जोर नाही, मग ते आपल्या वजनाने फाटक्या उशीवर छान बसून राहतं. टॉर्च मारला तरी अखंडच दिसणार. म्हणून मेकॅनिकला काही सापडलं नाही. उभ्या गाडीत सापडणारच नाही.

पण चढावर पहिल्यात सोडली की सगळा जोर येतो आणि इंजिनाची डावी बाजू उचलली जाते. आता त्या मॉडेलमध्ये अ‍ॅक्सिलरेटरची दांडी गाडीच्या अंगावर टेकवलेली आहे आणि तिचं दुसरं टोक इंजिनावर आहे. इंजिन वर गेलं की दांडी आपोआप ओढली जाते. पाय न लावता रेस वाढते. रेस वाढली की जोर वाढतो, जोर वाढला की इंजिन आणखी उचलतं. ती तुझी धाप. क्लच दाबला की जोर सुटतो आणि इंजिन धपकन खाली बसतं. तो तुझा खडाक. आधी धाप, मग खडाक. उलट असतं तर मी तार केली नसती.

दादाने आतापर्यंत प्रत्येक वेळी क्लच दाबला, म्हणून वाचला. दाजींनी ब्रेक दाबला, आणि त्या गाडीचे ब्रेक ओरडणाऱ्या इंजिनापुढे टिकत नाहीत. घाटातल्या वळणावर, वर गाद्या आणि माणसं लादून, दादाही आधी ब्रेकच दाबेल. कोणीही दाबेल.

हा माझा अंदाज आहे. पाचशे गाड्यांत ऐकलेला असला तरी अंदाजच. मी चुकलो तर दादाने मला हवं ते म्हणावं, मी ऐकून घेईन. पण आधी तपासा, ते असं:

गाडीचं तोंड मोकळ्या जागेकडे करा, ढकलून. पुढच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावा, हँडब्रेक ओढा. इंजिनावरच्या कार्बोरेटरपाशी त्या दांडीचं टोक बोटाने दाबलं की सुटतं, ते सोडवून ठेवा, म्हणजे गाडी रेस घेऊच शकणार नाही. गाडीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. छोटीला शेजाऱ्यांकडे ठेव. मग इंजिन चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायचा. इंजिन घुसमटून बंद पडेल. बंद पडण्याआधी त्याची डावी बाजू काय करते ते तू बाजूला उभी राहून बघ.

स्टिअरिंगवर दाजींना बसवा. दुसऱ्या कोणाला नाही. क्लच तसा सोडायला पाय हवा तसा.

उत्तर लगेच टाक. इथे कामात माझं लक्ष नाही, आज एका स्कूटरला उलटं चाक बसवलं.

मामा

*

२२ फेब्रुवारी

मामा,

आम्ही सगळे घरी आहोत, हे आधी लिहिते.

तुमची तार रविवारी सकाळी आली, सामान गाडीत चढवताना. दादाने वाचली, म्हणाला, "मामाला एवढ्या लांबून काय ऐकू येतं? त्याला सांगितलं कोणी?" आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वळकटी उचलायला लागले. तार त्याने खिशात कोंबली. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "दाखव."

"काही नाही हो, मामाचं नेहमीचं."

"दाखव म्हटलं ना."

वाचली. घडी घातली. आत गेले. मला वाटलं, झालं. मी छोटीला मागच्या सीटवर बसवलं, दादा मागे दोर आवळत होता. तर बाबा बाहेर आले, हातात त्यांची मोठी कात्री. मामा, त्या कात्रीने आम्हाला कधी कागदसुद्धा कापू दिला नाही. आईने एकदा त्या कात्रीने सुतळी कापली तर दिवसभर अबोला होता. ती कात्री घेऊन ते गाडीपुढे गेले आणि बॉनेटची तार कापायला लागले. कट, कट. पाती करकरत होती. दादा धावला, "बाबा, काय करताय? वेड लागलंय का?" बाबांनी बॉनेट उचललं, इंजिनावरची डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतला अंगठ्याएवढा तुकडा उपटला, ज्याच्याशिवाय ठिणगीच पडत नाही. तुम्हीच कधीतरी चोरांपासून गाडी वाचवायला शिकवलं होतं म्हणे. तो शर्टाच्या खिशात टाकला, वर बटण लावलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

दादा लालबुंद. "द्या तो इकडे."

"घे काढून," बाबा म्हणाले. "बापाच्या छातीवर हात घालून घे."

दादा उभा राहिला. नुसता उभा राहिला. गल्लीतले लोक बघत होते. मग त्याने दोर सोडायला सुरुवात केली. सामान उतरवताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आता फक्त गाडी नाही, डोकंही तपासून घ्यावं लागणार." आणि मी, मामा, वळकटी उचलून आत नेली. मला वाटलं त्याचं बरोबर असेल. बाबांचा पाय ओट्यावरसुद्धा चालू होता. चवडा वर, दाब.

तुमचं पत्र आलं ते मी मोठ्याने वाचलं. पायाचा मजकूर आला तेव्हा बाबा उठून खिडकीशी गेले. दादा म्हणाला, "अंदाज आहे हा, त्यानेच लिहिलंय." पण दगड आणायला तोच गेला.

सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं. दांडी सोडवली. छोटीला शेजारी पाठवलं. बाबांनी खिशाचं बटण काढलं, तुकडा परत बसवला. पण दार उघडून तिथेच उभे राहिले. दादा म्हणाला, "मी बसू का?" बाबा म्हणाले, "नको." तरी बसेनात. हात दारावरच. मी म्हटलं, "बाबा, समोर कोणी नाही." त्यांनी स्वतः खाली वाकून चाकाखालचे दगड पाहिले, गाडीच्या पुढे जाऊन रस्ता पाहिला, आणि मग बसले.

इंजिन सुरू झालं. घड्याळासारखं. मी डावीकडे, दादा माझ्या खांद्यामागे. बाबांनी क्लच सोडायला घेतला, इतका हळू की सुटतोय हे कळलंच नाही. गाडी मागच्या बाजूने जरा दबली. इंजिनाचा आवाज जड झाला. आणि डावी बाजू वर उठली. मामा, म्हशीने पाण्यातून मान काढावी तशी वर आली. सोडवलेली दांडी होती तिथेच राहिली आणि इंजिन तिच्यापासून दोन बोटं वर गेलं. खालच्या फटीतून मला रस्ता दिसला. मग घुसमटून बंद पडलं. खडाक.

बाबा आतून म्हणाले, "दिसलं?"

मी बोलायच्या आत दादा म्हणाला, "पुन्हा करा." केलं. पुन्हा उठलं. दादा म्हणाला, "अजून एकदा," पण आवाज वेगळा होता. तिसऱ्या वेळी त्याने पाहिलंच नाही. तो गेटपाशी जाऊन त्या बिनटोपीच्या खांबावर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभा होता.

बाबा उतरले. इंजिनाकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "चहा ठेव."

संध्याकाळी मेकॅनिकने फाटलेली उशी काढली. हातात घेतल्यावर पावासारखी दोन तुकडे झाली. तो बिचारा वरखाली बघत राहिला. पुढचं बाबा स्वतः लिहिणार आहेत. मला म्हणाले, "तू लिहू नकोस, मी लिहितो." काय लिहिणार ते मला सांगितलेलं नाही.

भाची

*

३ मार्च

मेहुणे,

मापं सोडून मी कधी काही लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवं माउंटिंग दोन्ही बाजूंना बसवलं. दांडी तपासली. मुलीला आणि छोटीला घाट चढून वर सोडून आलो. चिरंजीव शेजारी बसले होते. वाटेत त्यांनी एकदाही पाय आपटला नाही, म्हणजे आपल्या बाजूला ब्रेक असल्यासारखं माणसं करतात तसं. मी लक्ष ठेवून होतो.

किल्ली त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवली होती. मीठ ठेवावं तशी ठेवली. मी दोन दिवस उचलली नाही. तेवढं मी करणारच. फाटलेली उशी मी त्यांच्या ताटासमोर ठेवली आहे. काल म्हणाले, "बाबा, आता उचला ना ती." मी म्हटलं, उद्या.

कात्रीला खाच पडली. धारवाला म्हणतो, घासून निघेल. म्हटलं, राहू दे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, घरात सांगितलेली नाही. ब्रेक दाबला होता असं मी त्या दिवशी म्हणालो, पण पुढे मलाच खात्री राहिली नव्हती. सगळे सांगतात ते खरं असेल, पाय आता आपला राहिला नसेल, असं वाटायला लागलं होतं. छोटी जवळ आली की मीच पाय खुर्चीखाली घ्यायचो. तुमचं पत्र मुलीने वाचलं तेव्हा मी खिडकीशी गेलो, ते ऊन बघायला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी एकटाच बाहेर काढली, गल्लीला वळसा घालून गेटसमोर आणली. छोटी गेटमध्ये होती. मुलगी तिच्यामागे. मी हात बाहेर काढून सांगितलं, बाजूला हो. मुलीने तिचा हात धरला आणि खांबाच्या आत घेतलं. मी थांबलो. मुलगी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग बाहेर आली, पुढचं दार उघडलं आणि छोटीला माझ्या शेजारी बसवलं. दार लावलं. आणि गेटमध्ये बाजूला उभी राहून हाताने खूण केली, या.

चढ तोच. पहिला गिअर. इंजिनाने धाप टाकली नाही. गाडी वर आली. छोटी म्हणाली, "आजोबा, खांब!"

म्हटलं, दिसतोय.

बंपर आणि खांब यांच्यात दोन बोटं सोडून उभी केली. कॉलरच्या टोकाशी सुई थांबते तशी.

तुमचा
दाजी